चार सुतळ्या सोबत पाठवल्या आहेत

कोल्हापूर, मंगळवार पेठ
चैत्र वद्य पंचमी, शके १८३५

तीर्थस्वरूप हंबीररावदादांच्या पायांशी धाकटी बहीण बाळाबाई हिचा दंडवत.

इकडे सर्व खुशाल आहेत. सर्व म्हणजे मी आणि मांजर. तुमचा गुडघा आता कसा आहे? तुमचा गाडीवान पिराजी म्हणाला, उतरताना दुखतो, चढताना दुखत नाही. हे मला नवल वाटलं, कारण आमच्या शेजारच्या धोंडुबाईचा गुडघा नेमका उलटा आहे. वहिनींची दाढ काढली, की अजून लवंगेवरच चाललं आहे? म्हैस व्याली का, आणि रेडी झाली की रेडा? आकाराम मास्तरांनाही माझा नमस्कार, कारण हे पत्र तेच तुम्हाला वाचून दाखवणार. मास्तर, एक विनंती आहे. जिथं जिथं कंस आले आहेत तिथला मजकूर तुम्ही मनात वाचावा आणि पुढचं दादांना ऐकवावं. दादा विचारतील, मास्तर मधेच का थांबला, तर खोकला आला म्हणावं. (हे वाक्यसुद्धा कंसातच घालायला हवं होतं, पण शाई वाळून गेली.)

तुमचं पत्र पिराजीनं परवा आणून दिलं. अक्षय्य तृतीयेला गाडी रिकामी पाठवतो, भांडीकुंडी भर, कुलूप लाव आणि निघून ये, एकट्या बाईनं एवढ्या घरात करायचं काय, असं तुम्ही लिहवलं आहे. ते मी तीनदा वाचलं. तुमची माया मला कळते. (मास्तर, पुढच्या दोन-तीन महिन्यांत भाताची लावणी आहे आणि वहिनींना माणसं कमी पडतात, हे पत्रात कुठंच नाही. पण लिहिलेलं वाचायला मी फार उशिरा शिकले. न लिहिलेलं मला आधीपासूनच येत होतं.) त्या पत्राचं उत्तर मी देणारच आहे. पण त्याआधी माडीचं सांगते, कारण गेले आठ दिवस माझ्या डोक्यात माडीशिवाय काही नाही.

आमची माडी तुम्ही पाहिली आहे. खाली स्वयंपाकघर, वर ती लांबलचक खोली. तिची जमीन म्हणजे तुळयांवर कळकाच्या कामट्या, कामट्यांवर माती, मातीवर शेणाचा हात. हे होते तोवर मी दर आठवड्याला वर सारवत होते. हे गेले त्याला येत्या भाद्रपदात तीन वर्षं होतील. तेव्हापासून वरच्या खोलीला कडी आहे. सारवण नाही म्हणून माती सुटली, आणि सुटलेली माती खाली येते. कुठं येते? तर बरोबर चुलीवर. मी चूल एक हात सरकवली, तर मातीही एक हात सरकली. मागच्या एकादशीला भगरीत इतकी माती पडली, की उपासाला ती चालते की नाही हे विचारायला मी देवळात माणूस पाठवणार होते.

एकटी असते तर मी भांड्यावर झाकण ठेवून दिवस काढले असते. पण दुपारी माझ्याकडे सहा-सात बायका वाचलेलं ऐकायला येतात, हे तुम्हाला माहीत नसेल. (दादांना हे आता कळेल, आणि ते काय म्हणतील हेही मला माहीत आहे, म्हणून मास्तर, इथं थोडं जास्त खोका.) माझं वाचन वाण्याच्या पुड्यांवर झालं. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी जिऱ्याची पुडी सोडताना मला पहिल्यांदा अक्षरं लागली. मी घरात कुणाला सांगितलं नाही, पण यांना कळलं कसं कोण जाणे. एरवी शेरभर मोहरी एकदम आणणारा माणूस छटाक-छटाक आणायला लागला. दर वेळी निराळी पुडी. वाणी म्हणायचा, मोजणीदारसाहेब, तुमच्या घरी मोहरी ठेवायला जागा नाही काय? हे घरी येऊन पुडी माझ्यापुढं ठेवायचे आणि पाय धुवायला जायचे.

त्यामुळं माझं सगळं ज्ञान फाटक्या कडांचं आहे. राजकन्येला कैदेत टाकलं इथपर्यंत मला माहीत असतं; ती सुटली की नाही ते दुसऱ्या कुणाच्या तरी हिंगाबरोबर जातं. बायकांना मात्र हेच आवडतं. शेवट आम्ही आपापसात ठरवतो. धोंडुबाई प्रत्येक गोष्टीत सासू मारते. पण आठ दिवसांमागं ऐन लढाई रंगात असताना वरून ढेकूळ आलं ते थेट तिच्या डोक्यात. ती म्हणाली, "बाळाबाई, तुजी माडी ऐकती बरं का. सासू मेली की ढेकूळ टाकती." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्या दिवशी मी ठरवलं, की माती काढायची आणि वर फळ्यांची जमीन करायची.

फळ्या करायच्या तर किती लागतात ते कळलं पाहिजे, आणि ते कळायचं तर खोली मोजली पाहिजे. म्हणून मी कडी काढली. आत सगळं तसंच होतं. त्यांचा पेटारा, खिडकीखालची बैठक, आणि कोपऱ्यात काठी. बाहेरच्या रस्त्याकडून जो जिना आहे त्यानं बांधाची भांडणं घेऊन लोक वर यायचे, त्या दाराशी अजून एक कुणाची तरी विसरलेली पडशी आहे. मी खिडकी उघडली, जाळी काढली आणि कामाला लागले. (मास्तर, लगेच लागले नाही. थोडा वेळ बसले. ते दादांना वाचून दाखवायचं कारण नाही.)

आता माप कशानं घ्यायचं? माझ्यापुढं पहिल्यांदाच हा प्रश्न आला, की एक हात म्हणजे नेमका कुणाचा हात? कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, हे खरं. पण कुणाच्या कोपरापासून? कापडवाल्याचा हात लग्नसराईत आखडतो हे सगळ्या बायका जाणतात. माझा हात आखूड, तुमचा लांब. मग पूर्वी ज्यानं कुणी पहिल्यांदा हात हे माप काढलं तो उंच होता की बुटका? मी चार जणांना विचारलं. वाणी म्हणाला, बाई, तुम्हाला उद्योग नाही. एका पुडीवर मी वाचलं होतं, की विलायतेत धातूची एक सळई कुलपात ठेवली आहे आणि सगळी मापं तिच्यावरून ठरतात. मला आवडलं ते. पण त्या सळईला कोण मोजतं? ते पुढच्या तुकड्यावर असणार, आणि पुढच्या तुकड्यात वाण्यानं कुणाला तरी धने बांधून दिले.

आमच्या घरी मात्र सळईच्या जागी यांची काठी होती. मोजणीच्या नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी यांनी ती करून घेतली. बरोबर तीन हातांची, आणि दर हाताला चाकूनं एक खाच. मी ती आडवी टाकत टाकत भिंतीशेजारनं गेले. लांबी भरली पाच काठ्या, म्हणजे पंधरा हात. खात्री म्हणून माझ्या हातानंही मोजून पाहिलं, तर साडेपंधरा भरली. माझा हात लहान, तेव्हा अर्धा हात वाढणारच. मला फार समाधान वाटलं. मी तुम्हाला तेव्हाच पत्र लिहून टाकणार होते, पण लालासाब सुताराला एकदा दाखवावं म्हटलं.

लालासाब आमच्याच गल्लीत राहतो. माणूस ताडमाड, हात गुडघ्याला टेकणारे, आणि बोलणं लाकडाच्या गाठीसारखं. तो वर आला, जमिनीवर टाच आपटून पाहिली, आणि आपल्या हातानं लांबी मोजली. तेरा हात आणि दोन बोटं. मी म्हटलं, पंधरा. तो म्हणाला, तेरा. असं थोडा वेळ चाललं. दादा, सुतार जास्त लाकूड सांगतो आणि गिऱ्हाईक कमी करायला बघतं, ही जगाची रीत. इथं सुतार कमी सांगत होता आणि मी जास्तीसाठी भांडत होते. शेवटी त्यानं काठी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "आक्का, माजा हात लांब हाय ते मान्य. पर ही काठी बी खोटी हाय."

खोटी! ज्या माणसानं बावीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, एकाही बांधावरून लाच घेतली नाही, आणि भाऊबंदांनी दिलेला आंब्याचा करंडासुद्धा परत पाठवला (मला त्यातला एक आंबा हवा होता, हे मी आज लिहिते), त्याची काठी खोटी? मी लालासाबला म्हटलं, तुमचा रंधा खोटा असेल, करवत खोटी असेल, यांची काठी खोटी नाही. तो काही रागावला नाही. "बरं, ऱ्हायलं," म्हणाला, आणि जिना उतरून गेला. मी दोन दिवस त्याच्या दारावरून गेले नाही. देवळाला जाताना वळसा घालून गेले, आणि त्या वळशात वहाणेचा अंगठा तुटला.

तिसऱ्या दिवशी धोंडुबाई वर आली. तिला मोजमाप समजत नाही, पण बाकी सगळं समजतं. तिनं मला विचारलं, रुंदी किती? मी म्हटलं, आतल्या जिन्याच्या दाराशी तीन काठ्या, आणि बाहेरच्या जिन्याच्या दाराशी तीन काठ्या दहा बोटं. खोली चौकोनी नाही, हे मलाही त्याच दिवशी कळलं होतं. या घरात मी चोवीस वर्षं राहते, आणि ही खोली एका बाजूनं रुंद आहे हे माझ्या कधी लक्षात आलं नाही. धोंडुबाई मात्र मटकन खाली बसली. म्हणाली, "अगं बया! तोंडाशी रुंद अन् मागं निमुळती? ही तर वाघमुखी खोली. म्हणून तर तुजे गणपतराव गेले!"

तुम्हाला ठाऊक आहे, गाईच्या तोंडासारखं घर दाराशी अरुंद आणि आत रुंद असतं, ते राहायला चांगलं. वाघाच्या तोंडासारखं असलं की माणूस खातं. मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याबरोबरच एक विचार आला आणि तो मला सोडेना. मी म्हटलं, धोंडुबाई, या खोलीला दारं दोन. तू रस्त्याकडच्या दारानं आत आलीस की ती वाघ. मी स्वयंपाकघरातून वर आले की तीच खोली गाय. मग खोली कोण? धोंडुबाई विचारात पडली. मग उठली, बाहेरच्या दारानं आत आली, पुन्हा खाली उतरली, वळसा घालून आतल्या जिन्यानं वर आली, आणि म्हणाली, "व्हय की गं. इकडनं जरा बरं वाटतंय." भांडणारे लोक सगळे बाहेरच्या जिन्यानं यायचे. हे मात्र जेवण झालं की आतल्या जिन्यानं वर जायचे, तेव्हा त्यांना गायच लागत होती. ताप आला तो तापानं आला. खोलीनं त्यांना खाल्लं नाही.

मग मी तिला काठीचं भांडण सांगितलं. तिनं जे उत्तर दिलं ते ऐकून मला माझ्या वाचनाची लाज वाटली. म्हणाली, "तोरणाला काय गज लागतो व्हय? दोरा लावायचा अन् तोडायचा. उंबऱ्याला कोण विचारतंय हात किती ते." दादा, खरंच की! दाराचं तोरण करताना आपण कधी हात मोजले? सुतळी भिंतीला लावली आणि तोडली, की त्या सुतळीला ना माझा हात माहीत ना लालासाबचा. ती भिंतीएवढी. आम्ही दोघींनी चारी भिंतींच्या चार सुतळ्या तोडल्या. पहिलं सूत वाळत घालायच्या दोरीचं घेतलं होतं, ते ओढलं की वाढायचं. ते टाकून अंबाडीची नवी सुतळी आणली.

धोंडुबाई गेल्यावर मी ती लांब सुतळी काठीला लावून पाहिली आणि खाचांमधली बोटं मोजली. लालासाबला खोटं पाडायचं होतं, दुसरं काही नाही. मूठ ते पहिली खाच, चोवीस बोटं. पहिली ते दुसरी खाच, चोवीस बोटं. दुसरी खाच ते टोक, वीस. मी पुन्हा लावली. वीस. मग काठी उलटी धरून टोक पाहिलं. ते एका अंगानं तिरकं झालं होतं, त्यांच्या एका वहाणेची टाच झिजायची तसं.

चार बोटं गेली होती. मी खिडकीशी बसले आणि ती कुठं कुठं गेली असतील याचा विचार करत राहिले. थोडी पन्हाळ्याच्या चढावर. थोडी गगनबावड्याच्या वाटेवर, जिथं पावसात त्यांना तीन दिवस अडकून राहावं लागलं आणि मी इकडं देव पाण्यात ठेवले. थोडी शाहूवाडीच्या खाचरांत, आपल्याच गावच्या चिखलात. आणि थोडी रोज वाण्याच्या दुकानापर्यंत आणि परत. बावीस वर्षांची चाल चार बोटांत मावली. आणि मला वाटत होतं, की काठी जशीच्या तशी आहे. (मास्तर, इथं खोकला आला नाही तरी चालेल.)

तुमच्या मनात लगेच शंका येणार, म्हणून लिहून ठेवते. सरकारी मोजणी साखळीनं होत असे, काठीनं नाही. तेव्हा कुणाचा बांध चुकलेला नाही. तुमच्या ओढ्याकाठच्या वाफ्याचं माप यांनी आमच्या लग्नानंतरच्या दिवाळीत गंमत म्हणून काठीनं घेतलं होतं खरं, पण तेव्हा काठी नवी होती. ते भांडण पुन्हा उकरू नका.

मी लालासाबकडं गेले. म्हटलं, काठी खोटी नाही, झिजली आहे. तो म्हणाला, "मी बी त्येच म्हणत हुतो की." मी म्हटलं, तुम्ही खोटी म्हणाला. तो म्हणाला, "बरं, झिजल्याली. पर माप खोटंच आलं की न्हाई?"  मग तो रंधा खाली ठेवून म्हणाला, खाली चार बोटं सागवान जोडतो, वर लोखंडी वेढा बसवतो, काठी पुन्हा तीन हाताची होईल, पैसे नकोत. मी नको म्हटलं. त्यानं बायकोला हाक मारून मला पाणी द्यायला सांगितलं.

नंतर तो वर आला आणि मला फळ्यांचं सगळं शिकवलं. मला हे फार आवडलं, म्हणून सांगते. मी समजत होते फळ्या खोलीच्या रुंदीत बसवायच्या. तर तुळया रुंदीतच पडल्या आहेत, आणि फळी तुळईला आडवी बसते, म्हणजे लांबीत. शिवाय फळी संपते तिथं खाली तुळई पाहिजे. "माणसागत हाय फळीचं," तो म्हणाला, "टोकाला आधार नसला की वाकती." म्हणून नुसती सगळी लांबी सांगून भागत नाही, दोन तुळयांमधलं अंतर पाहून फळी कापावी लागते; ते तो इथंच करेल. आणि मोजून जेवढ्या होतील त्याच्यावर दहाला एक जादा धरायची. मी विचारलं, ती एक कुठं जाते? म्हणाला, थोडी करवत खाती, थोडी गाठ खाती, अन् थोडी माझी चूक खाती. सुतार आपली चूक आधीच हिशोबात धरतो हे मला माहीत नव्हतं. आपण सगळ्यांनीच धरावी असं मला वाटलं.

मीही एक युक्ती सुचवली. म्हटलं, पेटाऱ्याखालची जमीन कुणाला दिसत नाही, तेवढ्या फळ्या वाचवू. लालासाबनं पेटाऱ्यावर टिचकी मारली. मग म्हणाला, "आक्का, माती काढल्यावर पेटारा मग कशावर ठिवायचा? तुमच्या चुलीवर?" ती युक्ती मी मागं घेतली.

तेव्हा दादा, एवढंच विचारायचं, की तुमच्या बाजूला मलकापूरच्या बाजारात फळ्या मिळतात का आणि कुठल्या लाकडाच्या. तुमच्याकडं फळ्या असतील असं माझं मुळीच म्हणणं नाही. नुसती चौकशी. पावसाच्या आत जमीन व्हायला हवी, नाहीतर लालासाब म्हणतो, ओलं लाकूड श्रावणात बसवलं तर संक्रांतीला फटी पडतात.

पिराजीची अंगणात बसून दोनदा भाकरी खाऊन झाली. आता तो दर घटकेला आत डोकावतो आणि विचारतो, "आक्का, पत्र लिवताय का पोथी? बैलं कवाची उभी हाईत." त्याच्याबरोबर हे पत्र आणि सुतळ्या पाठवते. सुतळ्यांवर गाठी आहेत त्या करणीच्या नाहीत, वहिनींना भिऊ नका म्हणावं. एक गाठ आणि दोन गाठी, या दोन लांबीच्या भिंती. तीन गाठी, गाईकडची रुंदी. चार गाठी, वाघाकडची.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीच्या पाठीवर माझ्या नावानं एक थाप.

तुमची,
बाळाबाई

ता. क. पत्र मिटल्यावर बघते तर तीन गाठींची सुतळी नाही. पिराजीनं ती बैलाच्या गळ्यातली घंटा बांधायला घेतली. सोड म्हटलं तर म्हणतो, "आक्का, तिकडं गेल्यावर सोडतो की, माप कुटं पळतंय." तेव्हा गाडी पोचली की आधी पांढऱ्या बैलाची घंटा सोडवा. ती गाईकडची भिंत आहे, बैलाच्या गळ्यात राहिली तर मला घरात शिरायला दार उरणार नाही.

आणखी एक ता. क. मास्तर, आता कंस नाही. हे मोठ्यानं वाचा, आणि वहिनींना स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून वाचा. दादा, पिराजी भाकरी खाताना बोलला, की आपल्या परसातला फणस गेल्या पावसाळ्यात वादळात पडला, तुम्ही त्याच्या फळ्या कापून घेतल्या, आणि त्या गोठ्याच्या माळ्यावर वाळून तयार आहेत. वहिनींना त्यांची धान्याची पेटी करायची आहे असंही तो म्हणाला. त्या फणसावरून मी लहानपणी दोनदा पडले आहे, त्यातलं एकदा तुम्ही ढकललं म्हणून. तेव्हा त्यात माझाही वाटा आहे असं मी समजते. अक्षय्य तृतीयेला गाडी रिकामी पाठवू नका. सुतळ्यांच्या मापानं, दहाला एक जादा धरून, फळ्या भरून पाठवा. इकडून परत जाताना मात्र गाडी रिकामीच जाईल. मी येत नाही. लावणीला आठ दिवस येईन, हौसेनं येईन, आणि नवव्या दिवशी इकडं परतेन, कारण दुपारी बायका वाट बघतात. रागावला असाल तर गाडीबरोबर तुम्ही स्वतः या आणि काय बोलायचं ते नव्या जमिनीवर बसून बोला. फक्त माडीवर याल तेव्हा रस्त्याकडच्या दारानं येऊ नका. स्वयंपाकघरातून, आतल्या जिन्यानं या.